डाव्या पायातले सात अंश

"…आणि चूक दुरुस्त करणं हाच जर गुन्हा असेल, भन्तेजी, तर मी एकवीस वर्षं पोरांना शिकवतोय तरी काय?"

भन्ते विमलसार चीवराची उसवलेली कड शिवत बसले होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

"सांगा ना."

"पहिले पानी पे," भन्तेजी म्हणाले.

पाणी मी दिलं. मी कवडू. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून पवनीकडच्या टेकडीवरच्या या विहारात झाडलोट करतो. त्या सकाळी मी ओसरीच्या टोकाला वालाच्या शेंगा सोलत होतो. पाणी देऊन तिथून उठून जायला हवं होतं, हे खरं. गेलो नाही.

पाहुण्यांचं नाव धनराज मेश्राम. तंत्रनिकेतनात यंत्रं शिकवतात. वय पन्नाशीच्या आसपास, शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. प्रश्न विचारायला आलेला माणूस आणि कागदावर सही घ्यायला आलेला माणूस मला नुसत्या बसण्यावरून कळतो. हे सर सही घ्यायला आले होते.

त्यांच्या पुढ्यात बुटांचं रिकामं खोकं होतं. त्यावर त्यांनी हात ठेवलेला होता, कुणी पळवून नेईल तसा.

"सुमेधा तुमचं ऐकते," सर म्हणाले. सुमेधा त्यांची बायको. "आठ दिवस झाले, ती भंडाऱ्याला भावाकडे जाऊन बसली आहे. माझा फोन उचलत नाही. तुम्ही फक्त एक निरोप पाठवा. सांगा, धनराजनं काही वाईट केलेलं नाही."

"नाही केलं का?"

"नाही."

"मंग मले काहून विचारून रायला?"

सरांनी खोक्यावरचा हात काढला. मग त्यांनी खोकं उघडलं.

आत एक यंत्र होतं. वीतभर उंचीचं, दोन पायांचं. धड म्हणजे हिरवी पट्टी आणि तिच्यावर तारांचं जंजाळ, डोकं नाही, हात नाहीत. पाय मात्र माणसासारखे. खुबा, गुडघा, घोटा, सगळं जागच्या जागी, आणि प्रत्येक सांध्यात काड्यापेटीएवढी मोटार. असे सुटे भाग घरपोच मिळतात म्हणे. घरी बसून जोडायचे.

"उत्पलानं जोडलं होतं," सर म्हणाले.

उत्पला त्यांची मुलगी. सतरा वर्षांची होती. आषाढात गेली, सिकलसेलनं. आमच्या भागात हा रोग घराघरात आहे, त्यामुळे मला पुढं काही विचारावं लागलं नाही. हाडं दुखायला लागली की पोरं आठ-आठ दिवस अंथरुणातून उठत नाहीत, आणि आईबापांना बघत बसण्यावाचून काही करता येत नाही.

"मागच्या धम्मचक्र दिनाला मीच आणून दिलं होतं तिला," सर सांगत होते. "खाटेवर आडवी फळी टाकून जोडत बसायची. जोडून झालं, चालायलाही लागलं. तिथंच थांबायचं ना? नाही. सहा महिने त्यात काहीतरी बदलत राहिली. आज हे काढ, उद्या ते लाव."

"अन्?"

"बिघडवून ठेवलं सगळं."

त्यांनी यंत्र फरशीवर उभं केलं आणि पाठीमागची कळ दाबली. मोटारी घूं घूं करू लागल्या. यंत्रानं एक पाय उचलला, मग दुसरा, आणि ते ओसरीवरून चालत निघालं. सरळ. दोन फरश्यांमधली रेघ धरून चालल्यासारखं. भन्तेजींच्या गुडघ्याशी येऊन थांबलं.

भन्तेजींनी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा सुईकडे बघितलं.

"बघितलंत?" सरांचा चेहरा उजळला होता. "वीस फूट जातं. बोटभर इकडेतिकडे होत नाही. पहिल्यांदा कसं चालायचं माहीत आहे? दारुड्यासारखं."

"सांग."

"मुळात पायाच चुकलेला. मोटारी आधी मध्यावर आणायच्या, मग त्यांना पाय कसायचे, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. तिनं डाव्या खुब्यात सात अंशांचा फरक ठेवलेला. सात, भन्तेजी! डावं पाऊल नेहमी उशिरा पडायचं. धड उजवीकडे कलायचं. आणि डाव्या तळव्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, तोही फक्त बोटांच्या बाजूला. त्यामुळे पाय घासायचा. खर्र… खर्र… ऐकवायचं नाही."

"मंग तू काय केलं?"

"तीन रविवार बसलो. सगळे अंश शून्यावर आणले. तिचा प्रोग्राम पुसला, नवा लिहून घातला. तळवे नवीन कापले. लेकीचं अपुरं काम बापानं पुरं केलं, असं मला वाटलं. सुमेधाला बोलावलं बघायला."

"आली?"

"आली. कणकेचे हात घेऊन दारात उभी राहिली. हे असंच चाललं, आता चाललं तसंच. मी म्हटलं, बघ. तर ती…"

सरांनी पाण्याचा पेला उचलला. त्यात पाणी नव्हतं. तो तसाच खाली ठेवला.

"म्हणाली, 'नेलीत तिला. दुसऱ्यांदा नेलीत. पहिल्या वेळी दोष कुणाचाच नव्हता.' आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली."

माझ्या हातातली शेंग सोलायची राहून गेली.

"तिले विचारलं नाही, काय चुकलं म्हून?"

"विचारलं तर! दहा वेळा विचारलं. म्हणाली, 'आपल्या घरात जे बोलायचं नाही ते मी बोलणार नाही. तुमचीच बंदी आहे.' आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात कसली बंदी? शिकलेलं घर आहे. सगळ्या विषयांवर आम्ही बोलतो. मग म्हणाली, 'जसं होतं तसं करून ठेवा, मी येते.' म्हणजे मी मुद्दाम चूक करायची. मी! दुःखानं तिचं डोकं ठिकाणावर नाही, भन्तेजी, दुसरं काय? म्हणून तुमच्याकडे आलो."

"मंग करून टाक ना, जसं होतं तसं."

"होत नाही."

"काहून?"

"पुसलं ना मी. या चिपमध्ये एका वेळी एकच प्रोग्राम राहतो. नवा घातला की जुना गेला. तिच्या टॅबमध्ये मूळ असणार, पण तो साफ करून तिच्या मावसभावाला देऊन टाकला."

"सात अंश तर ध्यानात हाय तुह्या."

"ते एकच ध्यानात आहे. असे सतरा आकडे होते. किती उशीर, किती कल, गुडघा किती उचलायचा. चुकीचे आकडे कोण लिहून ठेवतो?"

"अन् थो ट्यूबचा तुकडा?"

"घंटागाडीत गेला."

भन्तेजींनी दोरा दातानं तोडला. सुईत नवा ओवायला घेतला. त्यांची नजर आता कमी झाली आहे, दोन-तीनदा हुकला. सर पुढं सरकले, "द्या, मी देतो ओवून," म्हणाले. भन्तेजींनी दिला नाही.

"पोरीनं म्हटलं होतं का, अपुरं हाय म्हून?"

"नाही. ती तर झालं म्हणत होती."

"कधी?"

"जूनमध्ये. गेली त्याच्या तीन आठवडे आधी." सरांचा आवाज थोडा खाली आला. "त्या दिवशी बरी होती. भिंतीला धरून हॉलमध्ये आली. म्हणाली, बाबा, झालं माझं, बसा इथं. मला बसवलं आणि हे सोडलं फरशीवर. आलं खुरडत खुरडत माझ्यापर्यंत. ती हसत होती. सुमेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी. तीही तोंडावर पदर धरून… मला वाटलं, दोघींना चेष्टा सुचतेय."

"तू काय म्हटलं?"

"मास्तर आहे मी, भन्तेजी."

"काय म्हटलं?"

"शंभरातून चाळीस."

भन्तेजींनी मान वर केली. त्या सकाळी पहिल्यांदा त्यांनी सरांकडे सरळ बघितलं.

"थे काय म्हणे?"

"म्हणाली, 'बाबा, नीट बघा ना.' मी म्हटलं, बघितलं. मोटारी मध्यावर आण आणि परत जोड. ती म्हणाली, 'नाही, हे बरोबर आहे.' हट्टी होती. माझ्यावर गेली होती. मग उचलून घेऊन गेली आत. पुन्हा दाखवलं नाही."

खरं सांगतो, मला त्या माणसाचा राग आला होता. पोरगी भिंतीला धरून चालत येते आणि हा तिला मार्क देतो. भन्तेजींच्या जागी मी असतो तर खोकं उचलून हातात दिलं असतं आणि पायरी दाखवली असती. म्हणूनच बहुधा मी भन्तेजींच्या जागी नाही.

"मले थे समजलं नाही," भन्तेजी म्हणाले.

"काय?"

"पहिले कसं चाले थे."

"सांगितलं ना. डावा खुबा सात अंश…"

"अंश मले नाही समजत. चालून दाखव."

"मी?"

"दुसरं कोन हाय? याचं तं तू पुसून टाकलं."

सर हसले. भन्तेजी हसले नाहीत. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी शेंगांकडे बघितलं.

"मी बसूनच सांगतो की. कागद द्या, आकृती काढून दाखवतो."

भन्तेजी वाट बघत राहिले… वाट बघणं त्यांना जमतं. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलेलं नाही. खाली गावात कुणाची तरी पिठाची गिरणी सुरू झाली, तिचा आवाज येऊ लागला.

"पायाचं म्हणाल तर," सर शेवटी म्हणाले, "माझा डावा जरा कमी आहे. लहानपणी पोलिओ झाला होता. जरासंच. एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही."

"असू दे."

"तुम्हाला फरक कळायचा नाही त्यामुळे."

"कळंल. असं कर. पहिले तू तुह्या चालीनं चाल. मंग त्याच्या चालीनं. दोन्ही पाहिल्या का कळंल."

हे सरांना पटलं. पद्धत त्यांना नेहमीच पटत असावी. "बरोबर आहे," ते म्हणाले, "तुलनेला एक साधी चाल हवीच." आणि खांबाला धरून उभे राहिले.

विहाराच्या मागं चंक्रमणाची वाट आहे. चंक्रमण म्हणजे ध्यान करत हळूहळू येरझारा घालणं. त्यासाठी पस्तीस पावलं लांब आणि चार हात रुंद अशी पट्टी आखली आहे आणि तीत वैनगंगेची वाळू पसरली आहे. वाळू रोज सकाळी मी दाताळ्यानं सारखी करतो. त्या दिवशी भन्तेजी अजून चालले नव्हते, म्हणून ती कोरी होती.

मी पाणी भरून आलो तेव्हा सर ओसरीवर बसलेलेच होते, त्यामुळे मी त्यांना चालताना पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. तीस वर्षं मी गाडीच्या दारात उभा राहून माणसं कशी चढतात ते बघितलेलं आहे. मी मान खाली घातली.

सर अनवाणी पट्टीच्या टोकाशी उभे राहिले. "ही माझी," म्हणाले आणि डाव्या कडेनं दुसऱ्या टोकाच्या पिंपळापर्यंत गेले. पट्टीच्या बाहेरून, दगडांवरून परत आले. धाप लागली होती, पण चेहरा वर्गात असावा तसा होता.

"आता हे त्याचं. नीट बघा. धड उजवीकडे कलणार. डावं पाऊल मागून येणार, उशिरा. अंगठा घासणार. थोडं वाढवून करत नाही, जसंच्या तसं करतो."

आणि ते उजव्या कडेनं निघाले. तोंडानं मोजत होते. "एक… आणि दोन. एक… आणि दोन." धड कललं. डावं पाऊल मागून आलं. अंगठा घासला. पिंपळाशी जाऊन ते वळले आणि तिथूनच ओरडून म्हणाले, "कळलं?"

"नाही," भन्तेजी म्हणाले.

त्यांनी सुई चीवरात खोचून ठेवली आणि ते उठले. त्यांना उठायला वेळ लागतो. पट्टीच्या कडेला येऊन उभे राहिले. सर परत आले तेव्हा त्यांनी कुंपणाची एक काडी मोडून सरांच्या हातात दिली.

"फरक दाखव मले."

"दाखवतो ना." सर काडी घेऊन वाकले. फळ्यावरची चूक दाखवायची त्यांची सवयच होती. "ही उजवीकडची, त्याची. बघा, डाव्या पावलापुढं ही रेघ. अंगठा घासल्याची. प्रत्येक पावलाला आहे. ही ट्यूबच्या तुकड्याची जागा. आणि हे उजवं पाऊल बाहेरच्या कडेला खोल गेलंय, म्हणजे सगळा भार तिकडे. आता माझ्यात…"

त्यांनी काडी डाव्या ओळीकडे नेली.

"माझ्यात…"

काडी हवेत थांबली.

ते गुडघ्यावर बसले. एका रेघेवर वीत ठेवली, मग शेजारच्या रेघेवर ठेवली. बोटानं उजव्या पावलाची खोली बघितली, मग दुसऱ्या ओळीतल्या पावलाची. दोन पावलं पुढं रांगत जाऊन पुन्हा मोजलं. आणखी पुढं जाऊन पुन्हा मोजलं. मी उभा होतो तिथून मला दोन्ही ओळी दिसत होत्या. एकाच माणसाच्या दोन ओळी. कुणालाही सांगता आलं असतं.

सरांनी तिसऱ्यांदा वीत ठेवली आणि ती तशीच राहिली.

"भन्तेजी…"

भन्तेजी पट्टीच्या कडेलाच उभे राहिले.

"हे… हे तर माझं…"

पन्नाशीचा माणूस वाळूत बसून असा रडला की खालच्या वळणावर गुरं घेऊन जाणारी बाई थांबून वर बघू लागली. मी तिला हातानं जा म्हटलं. सकाळपासूनचा माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. त्याच्या जागी काय आलं तेही नीट सांगता येत नाही.

बऱ्याच वेळानं सर बोलायला लागले. भन्तेजींशी की वाळूशी, कोण जाणे.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी सुमेधानं एकदा म्हटलं होतं. अपंगाचा दाखला काढून घ्या, नोकरीत उपयोग होईल. मी पुढ्यातलं ताट भिरकावलं होतं. त्यानंतर घरात कुणी माझ्या पायाचं नाव काढलं नाही. मी बंदी घातली नव्हती, भन्तेजी. म्हणजे बोलून घातली नव्हती. पोरगी लहानपणी एकदा विचारायला लागली, तर सुमेधानं तिच्या तोंडावर हात ठेवला. मी बघितलं होतं ते. मला बरं वाटलं होतं."

"हं."

"कुणी बघू नये म्हणून मी काय काय करतो. वर्गात पोरांच्या आधी जाऊन बसतो, सगळी गेली की उठतो. स्कूटर थेट पायरीशी नेतो. कॉलेजात, बाजारात, सासुरवाडीला. सासरच्यांनी लग्नानंतर मला चार पावलांपलीकडे चालताना बघितलेलं नाही. घरात मी सगळ्यांच्या आधी, पाच वाजता उठतो, बोळात येरझारा घालून पाय मोकळा करतो. वाटायचं, दोघी झोपलेल्या आहेत. उत्पलाची खाट…"

त्यांनी वाळू मुठीत घेतली.

"तिची खाट बोळाच्या समोर आहे. दार उघडंच असायचं. माझी स्लीपर घासते. खर्र वाजते. तिला दुखत असलं की झोप लागायची नाही…"

पिंपळावर पोपटांचा थवा येऊन बसला आणि उडून गेला.

"म्हणजे ती मला बघत होती. सगळी वर्षं. भन्तेजी, एक खरं सांगाल? तिनं माझी चेष्टा केली होती का?"

"चेष्टेले सहा महिने लागतेत?"

सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी त्यांच्यासाठी पुन्हा पाणी आणलं. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघून पेला घेतला. पाणी प्याले, तोंड पुसलं, आणि हळूहळू त्यांच्यातला मास्तर पुन्हा उठून बसला. तसंच होतं माणसाचं. दुःख झालं की जे हाताशी असेल ते धरतो.

"करता येईल," ते म्हणाले. "भन्तेजी, करता येईल! आकडे पुसले म्हणून काय झालं? मूळ तर मीच आहे. मी माझी चाल मोजतो. मोबाइलवर चित्रण करतो, एकेक सांधा मोजतो. सतराच्या जागी सत्तर आकडे घालतो. तिच्यापेक्षाही अचूक होईल. तंतोतंत. सुमेधाला ओळखू यायचं नाही, कुणी केलं ते."

ते उठायला लागले. पाय साथ देईना. मी हात पुढं केला, त्यांनी तो घेतला.

"तिनं तुले मोजलं होतं?" भन्तेजींनी विचारलं.

"अं?"

"टेप लावला होता? उभं केलं होतं?"

"नाही… ती खाटेवर. मी तिला कधी…"

"मंग?"

सर माझा हात धरून उभे होते. जे तंतोतंत करायचं ते त्यांना करता आलं असतं, त्यात शंका नाही. पण त्या आकड्यांमध्ये खाटेवरची पोरगी कुठून आणायची, हे त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण मोबाइल काढायला गेलेला दुसरा हात खिशावरच राहिला.

आम्ही ओसरीवर परत आलो. यंत्र भन्तेजींच्या आसनाशी उभंच होतं, नव्या तळव्यांवर, दोन्ही पाय अगदी सारखे. सरांनी ते उचलून खोक्यात ठेवलं. झाकण लावायला त्यांना वेळ लागला.

"म्हणजे ते आता परत होणं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि मला कळायला हवं होतं तेव्हा मी चाळीस मार्क दिले."

सांत्वन करायची भन्तेजींची रीत नाही. मला कधी कधी ते फार कठोर वाटतात, त्या दिवशीही वाटले.

"सुमेधाला काय सांगू, भन्तेजी? ती म्हणाली होती, होतं तसं करून ठेवा, मी येते. ते तर गेलं. मग आता तिला मी कोणत्या तोंडानं, काय सांगू?"

"काही नको सांगू."

"निरोप तरी…"

"निरोप नाही देत मी."

सर थांबले. आठ दिवसांपूर्वी बायको गेली तेव्हा हा माणूस चिडला असेल, आज तो घाबरला होता. हे मला दिसत होतं. पोरगी गेली, तिच्या हातचं गेलं, आता उरलं होतं ते भंडाऱ्याला होतं.

भन्तेजींनी चीवर पुन्हा मांडीवर घेतलं. सुई शोधली.

"तुह्या साळ्याचं घर कसं हाय?"

"घर?" सरांना काही समजेना. "चांगलं आहे. जुनं, ऐसपैस. पुढं मोठं अंगण."

"फाटकापासून दार किती लांब?"

"असेल… साठ-सत्तर पावलं."

"दुपारी बाया कुठं बसतेत?"

"समोर. ओसरीवर. वहिनी, तिच्या जावा, शेजारच्या. सगळ्याच असतात." सरांचा आवाज बारीक होत गेला. "सुमेधाही तिथंच असणार."

भन्तेजींनी सुईचं टोक कापडात घातलं आणि पलीकडून ओढून घेतलं.

"मंग दुपारीच जाय," ते म्हणाले. "अन् स्कूटर फाटकाबाहेर ठेवजो."